इरिसबेकची मांड

त्या उन्हाळ्यात आम्ही गवत उलटून वाळत घातलं की पाऊस यायचा. गंजीचा खालचा थर काळा पडला. हात घातला की आतून कोमट वाफ यायची. थोरले भाऊजी काट्याने गंजी उचकटायचे, मूठभर गवत नाकाशी धरायचे आणि पुढच्या गंजीकडे जायचे. त्यांच्यामागे त्यांचा पोरगा इरिसबेक, त्याच्यामागे जाऊबाई आणि सगळ्यांत शेवटी दाताळं ओढत मी. माझं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. आमचे हे लष्करात गेले होते, म्हणून मी थोरल्या दिरांच्या बिऱ्हाडात राहत होते. सुनेने सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव घ्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत. आता माझे केस पांढरे होऊनही खूप काळ लोटला, तरी त्यांच्या नावाला जीभ वळत नाही. बाकीचे त्यांना दोलोतआके म्हणत, आके म्हणजे थोरला भाऊ.

गवत नासलं म्हणजे मेंढ्यांनी हिवाळ्यात बर्फ उकरून खायचं, आणि बर्फ उकरता येईल अशी जागा एकच होती. कुंगोय. तो डोंगराचा उन्हाकडचा उतार. तिथला बर्फ टिकत नाही, गोठा कोरडा आणि गाव हाकेच्या अंतरावर नसलं तरी निदान जवळ. दुसरी जागा तेस्केय, डोंगराच्या सावलीत. तिथे थंडीत सूर्य दुपारी कड्यावरून डोकावतो आणि लगेच जातो. भिंतींना आतून पाणी सुटतं. मागचा हिवाळा आम्ही तेस्केयला काढला होता आणि जाऊबाईंची छाती तेव्हापासून वाजत होती. गावातल्या डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या पाठीला कान लावून भाऊजींना सांगितलं होतं, "आणखी एक हिवाळा त्या ओलीत काढला तर माझ्याकडे आणू नका. माझ्याकडे त्याला औषध नाही."

कोल्खोजच्या, म्हणजे सरकारी सामुदायिक शेतीच्या, मेंढ्यांचे ते दोन गोठे दोन मेंढपाळ आलटून पालटून घेत. यंदाची पाळी आमची होती. पण त्या उन्हाळ्यात गवत नासलेलं बघून असेकने, दुसऱ्या मेंढपाळाने, कुंगोय सोडायला नकार दिला.

कोल्खोजचे अध्यक्ष कारीपबाय घोड्यावरून गवत बघायला आले, तेव्हा दोघांनी त्यांना कुरणातच गाठलं.

"पाळी आमची आहे," भाऊजी म्हणाले.

"पाळी चांगल्या वर्षात असते," असेक म्हणाला. "माझ्याकडे गाभण मेंढ्या जास्त आहेत."

"मग माझ्या काय कुंवार आहेत?"

"दोलोतआके, तुमच्या मेंढ्यांचं मला काय माहीत? मी माझ्या घरचं बोलतो."

"माझ्या घरात आजारी माणूस आहे."

"आजारी कोणाच्या घरात नाही? माझी सासू बघा की."

"तुझी सासू तुला पुरून उरेल," कारीपबाय म्हणाले आणि भोवतालचे गवत कापणारे हसले. कारीपबायना मेंढ्यांपेक्षा एर-एनिश प्यारी. घोड्यावरची कुस्ती ती. दोघं उघड्या अंगाने घोडे भिडवतात आणि एकमेकांना खोगिरावरून खाली ओढतात. त्यांनी टोपी मागे सारून घाम पुसला. "तुम्ही दोघं बोलायला लागलात की माझं डोकं ठणकतं. पोरांना ठरवू दे. शरदातल्या जत्रेत इरिसबेक आणि मेलिस. जो पोरगा खाली, त्याचा बाप तेस्केयला."

सगळे पुन्हा हसले. सगळ्यांत मोठ्याने आमचे भाऊजी. वसंतातल्या सणाला इरिसबेकने असेकच्या मेलिसला चहा निवायच्या आत खाली आणलं होतं. असेकचा चेहरा पडला, पण एवढ्या लोकांसमोर तो तरी काय म्हणणार.

"बोला, आहे कबूल?" कारीपबायनी विचारलं.

"कबूल," भाऊजी म्हणाले आणि हात पुढे केला.

जाऊबाई तेव्हा माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यांनी फक्त डोक्याचा रुमाल सोडून पुन्हा बांधला.

इरिसबेकची वसंतातली मांड मी पाहिली होती. अंगाने लहानखुरा पोरगा, चौदा वर्षांचा, पण घोड्यावर बसला की लोकरीला चिकटलेल्या गोखरूसारखा. मेलिस त्याच्याहून रुंद, पुढाऱ्याच्या पोरासारखा गुटगुटीत. त्याने दोन्ही हातांनी ओढलं, तर हा घोड्याच्या पोटाखाली जाईल इतका वाकला आणि तिथूनच वर आला. वर येताना मेलिसला मात्र खाली टाकून आला. म्हातारे मांड्या थोपटत म्हणाले होते, "याला आईने खोगिरावरच जन्म दिलाय."

त्यानंतर तो वाढायला लागला.

आधी मला कळलं ते विजारीमुळे. शिवणकाम माझ्याकडे होतं. विजारीची दुमड सोडली, पुन्हा घोटे दिसायला लागले, तेव्हा खाली जुन्या कोटाची पट्टी लावली. गवत संपेपर्यंत पट्टीही वर चढली. हात मनगटाच्या बाहेर लोंबायला लागले. तंबूत शिरताना चौकटीवर कपाळ आपटायला लागलं. सासूबाई चुलीपाशी बसून म्हणायच्या, "अरे, दार काल होतं तिथंच आहे." चहाची वाटी घ्यायला हात पुढे केला तर वाटीच्या पलीकडे जायचा. जेवायला अंथरलेल्या दस्तरखानावर दूध सांडायचं. विळा दगडावर आपटून त्याची धार गेली, तेव्हा भाऊजी दिवसभर त्याच्याशी बोलले नाहीत.

ओढ्यावर पाणी भरताना तो मला म्हणाला, "काकू, हे पाय माझे वाटतच नाहीत. मी सांगतो आणि ते उशिरा ऐकतात."

"वाढतोयस तू. माझ्या भावाचं असंच झालं होतं. आमचं वासरू म्हणायचो त्याला."

"मग?"

"मग काय, पुढच्या वर्षी झाला सरळ."

तो बादली घेऊन निघाला आणि चार पावलांवर अर्धं पाणी बुटात सांडून घेतलं.

हेच मी सासूबाईंजवळही बोलले. बोरसोकच्या तळणाचं पीठ मळत होतो. त्या म्हणाल्या, "पुढच्या वर्षी. आणि जत्रा काय पुढच्या वर्षी आहे?"

गवत एकदाचं रचून झालं आणि भाऊजींनी सराव सुरू केला. ओढ्याकाठच्या सपाटीवर स्वतः राखाडी घोड्यावर आणि इरिसबेक तोरूवर. तोरू त्याचाच होता, शिंगरू असल्यापासून त्यानेच वाढवलेला. भाऊजींनी घोडा भिडवला, पोराच्या दंडाला धरलं आणि नुसतं ओढलं. जोर लावलाच नव्हता. इरिसबेक खांद्यावर आदळला.

"चढ."

तो चढला. पुन्हा खाली.

"पोत्यासारखा पडतोस. पोतं तरी बरं, त्याला बांधता येतं. चढ."

तो चढत राहिला. रिकीब सापडेना म्हणून पाय हवेत चाचपडायचा. पूर्वी तो वाकायचा तेव्हा अंग घोड्याला धरून असायचं. आता वाकला की वरचं एवढं लांब धड एकीकडे जायचं आणि पाय त्याला आवरायला यायच्या आत तो गेलेला असायचा. भाऊजींनी रिकिबी काढून त्याला उघड्या पाठीवर फिरवलं. मग डोळे बांधून फिरवलं. मांड्या सोलून निघाल्या. मी मेंढीच्या शेपटीची चरबी वितळवून दिली, ती लावताना तो दात आवळून छताच्या काड्या बघत पडायचा.

एका दुपारी सरावावरून दोघं परत आले, तेव्हा इरिसबेकच्या ओठातून रक्त येत होतं. जाऊबाईंनी ओला फडका त्याच्या हातात दिला आणि नवऱ्याकडे वळल्या.

"अध्यक्षांना सांगा, एक वर्ष थांबा म्हणावं. पोराचं अंग अजून जागेवर नाही."

"मी हात दिलाय."

"हात दिलाय तर जाऊन परत मागा. काय होईल?"

"काय होईल? असेक गावभर सांगेल, दोलोतचा पोरगा घाबरला. मग त्याला कोण पोरगी देईल, सांग."

"चौदा वर्षांचा आहे तो."

"बोलणं चौदा वर्षांचं राहत नाही." भाऊजी बूट काढत होते, ते थांबले. "मी हे कोणासाठी करतोय? मला काय होतंय तेस्केयला? मी तर कुठेही झोपतो."

"मलाही काही होत नाही," जाऊबाई म्हणाल्या. "मी जाईन तेस्केयला. आनंदाने जाईन."

"तू गप्प बस," भाऊजी म्हणाले, पण हळू आवाजात, जसं आजारी माणसाला म्हणतात.

इरिसबेक फडका तोंडावर धरून ऐकत होता. आईच्या छातीला हवा तो कोरडा गोठा आपल्या घोड्यावरच्या मांडेवर अवलंबून आहे, हे त्याला त्या दिवशी पुरतं कळलं. त्यानंतर तो आईकडे सरळ बघेनासा झाला.

जत्रा तोंडावर आली आणि सासूबाईंना कारण सापडलं. मूल पहिली पावलं टाकायला लागलं की आम्ही त्याच्या दोन्ही घोट्यांना काळा-पांढरा दोरा बांधतो. लहान पोरं शर्यत लावतात, पहिलं येणारं पोर तो दोरा कापतं आणि मुलाचा हात धरून त्याला चालवतं. मग त्याचं पाऊल आयुष्यभर अडखळत नाही. इरिसबेक वर्षाचा झाला तेव्हा सासरे नुकतेच वारले होते. घरात सुतक होतं, म्हणून तो दोरा राहिला तो राहिलाच.

"बघा," सासूबाई म्हणाल्या. "पोराच्या पायात बेडी आहे अजून. कापलीच नाही कोणी."

"आई, वसंतात कुठे होती ती बेडी?" जाऊबाईंनी विचारलं.

"मला शहाणपण शिकवू नकोस."

भाऊजींचा असल्या गोष्टींवर फार विश्वास नव्हता. पण त्या दिवसांत त्यांना कोणी सांगितलं असतं की घोड्याला उलटं खोगीर घाला, तर त्यांनी घातलं असतं.

शेजारच्या तंबूंतून माणसं आली. मी बोरसोक तळले, कुमिसची, म्हणजे घोडीच्या आंबवलेल्या दुधाची, कातडी बुधली बाहेर आणली. इरिसबेक बापाहून उंच झाला होता. तो गवतात अनवाणी उभा राहिला आणि सासूबाईंनी वाकून त्याच्या घोट्यांना दोरा बांधला. विजार आखूड असल्यामुळे ती वर करावी लागली नाही. पोरं टेकडीपासून धावत सुटली. बायका तोंडावर रुमालाचं टोक धरून हसत होत्या. कोणीतरी म्हातारा म्हणाला, "याच्या सुंतेलाही पुन्हा बोलावणार का आम्हाला?"

पहिली आली ती असेकची धाकटी लेक, सहा वर्षांची चिमुरडी. तिला हाकलणार कोण? तिच्या हातात चाकू दिला. चाकू बोथट होता आणि तिची बोटं इवलीशी. ती जीभ बाहेर काढून घासत राहिली, घासत राहिली. इरिसबेक पाय जोडून उभा होता, हात दोन्ही बाजूंना थोडे पसरून. मग त्याचा तोल गेला. तो मागे गवतात बसला आणि ती पोरगी त्याच्या गुडघ्यांवर पडली.

"मी नाही ढकललं," ती रडवेली होऊन म्हणाली.

"नाही गं, तू नाही," इरिसबेक म्हणाला. त्याने स्वतःच चाकू घेऊन उरलेला धागा कापला, तिचं बोट धरलं आणि रिवाजाप्रमाणे तिच्याबरोबर चार पावलं चालला. त्याच्या कमरेएवढीही नव्हती ती. सासूबाईंनी मुठीने सुकी मिठाई उधळली आणि पोरं ती वेचायला तुटून पडली.

जत्रेच्या दिवशी लख्ख ऊन होतं. डोंगरांच्या माथ्यावर नवा बर्फ पडला होता. मोठ्यांच्या कुस्त्या झाल्या, घोड्यांची शर्यत झाली. मग कारीपबाय माणसांच्या कड्यात घोडा घालून ओरडले, "आता कुंगोय कुणाचं ते बघू."

मेलिस घोड्यावर बसला होता, वसंतात होता तेवढाच. त्याच्या बापाने त्याच्या अंगाला चरबी चोळली होती. इरिसबेकच्या फासळ्या मोजता येत होत्या. मला आठवतं, त्याच्या पाठीवर वाढीचे आडवे ओरखडे होते, कातडी आतून ताणल्यासारखे.

घोडे भिडले. मेलिसने मनगट धरलं. इरिसबेकने त्याला खेचून खोगिरावरून अर्धं उचललंसुद्धा, कारण हातांची लांबी आता त्याच्याकडे होती. लोक उठून उभे राहिले. जाऊबाईंनी माझा दंड धरला. मला वाटलं, जिंकला. तोरूने पाय बदलले, एवढंच झालं. घोडा अंग सावरताना टाकतो तसं एक बाजूचं पाऊल. वसंतातल्या इरिसबेकला ते कळलंही नसतं. या लांब पोराचं धड एकीकडे गेलं, पाय रिकिबीत उशिरा दाबला गेला, आणि मेलिसला काही करावंच लागलं नाही. त्याने फक्त मनगट सोडलं नाही.

इरिसबेक पाठीवर पडला. बरगड्या आपटल्याचा आवाज झाला. तोरू बिथरून लगाम लोंबकळत कड्याबाहेर निघाला.

भाऊजी धावले. ते धावत आले, पोरापाशी आले, त्याच्या डोक्याजवळून पुढे गेले आणि घोड्याचा लगाम धरला.

सगळ्यांनी पाहिलं. घोडा उधळला तर पोरांना तुडवेल, हे खरंच होतं, आणि त्या धावण्यात दुसरा विचार नव्हता, हे मी आजही मानते. पण इरिसबेक पडल्या पडल्या बापाचे बूट जवळ येताना आणि मग दूर जाताना बघत होता. त्याला उठवायला मेलिस घोड्यावरून उतरला. असेक माझ्या मागेच उभा होता. तो जिंकला होता, पण टोपी काढून हातात फिरवत राहिला.

परत जाताना भाऊजी जाऊबाईंना म्हणाले, "धूर जाईल असं छप्पर करून घेऊ. भिंतींना बुरणूस लावू."

"लावू," जाऊबाई म्हणाल्या.

आम्ही तेस्केयला गेलो. बुरणूस लावले, ते आठवड्याभरात भिजून जड झाले आणि खाली आले. सूर्य यायचा तेव्हा जाऊबाई दारात पाट टाकून बसायच्या आणि तो उंबऱ्यावरून सरकला की पाटही सरकवायच्या. इरिसबेक त्यांचं सगळं काम अंगावर घेऊन करायचा. बर्फ वितळवणं, शेणी फोडणं, आडवी पडलेली मेंढी उठवून उभी करणं. तो सांडायचा, धडपडायचा, पण कोणी त्याला काही बोलेनासं झालं होतं, आणि तेच त्याला बोचत असावं. एकदा आईला चहा देताना त्याने वाटी दोन्ही हातांनी धरली, म्हाताऱ्यासारखी, एक पाऊल टाकून थांबत.

"एवढा काय जपतोस, सांडला तर सांडला," जाऊबाई म्हणाल्या.

"नाही सांडणार."

"माझ्याकडे बघ जरा."

"वाटीकडे बघतोय, आई."

बर्फ फुटायच्या आधी त्यांना घसरगाडीवर घालून गावात न्यावं लागलं. त्या जगल्या, पण डॉक्टरीणबाईंनी भाऊजींशी बोलताना खिडकीबाहेर बघितलं. उन्हाळा लागला आणि आम्ही मेंढ्या घेऊन वरच्या कुरणावर चढलो. जाऊबाई गावात राहिल्या. लग्न झाल्यापासून त्यांचा एकही उन्हाळा खाली गेला नव्हता.

त्या उन्हाळ्यात मेलिस वाढला. असेकच शेजारच्या तंबूतून येऊन सांगायला लागला, "दोलोतआके, आमचा गाढव काल बसल्या बसल्या कुमिसच्या बुधलीवर पडला. सगळी सांडली." तो हसला. भाऊजी हसले नाहीत. त्यांनी त्याला चहा दिला आणि दोघं बराच वेळ मेंढ्यांकडे बघत बसले. शरदातल्या जत्रेत एर-एनिशला पोरांची जोडीच लागली नाही. कारीपबाय त्या पैजेबद्दल पुन्हा कधी बोलले नाहीत. मला वाटतं, ते विसरले होते.

पण हे नंतरचं. कुमिस आंबून चांगलं झालं होतं, उन्हाळ्याचा तो मधला काळ. जाऊबाईंनी निरोप पाठवला, एक दिवस वर यायचंय, कुरण बघायचंय. ट्रक घाटाच्या पायथ्यापर्यंतच यायचा. इरिसबेक पहाटे तोरू घेऊन खाली गेला.

दुपार कलताना ते नदीच्या पलीकडच्या काठावर दिसले. त्याने आईला आपल्यापुढे खोगिरावर घेतलं होतं, लहान मुलाला घेतात तसं, आणि आपला कोट तिच्याभोवती गुंडाळला होता. नदीला बर्फाचं पाणी भरलं होतं. मी आणि भाऊजी काठावर गेलो. तोरू पाण्यात उतरला. मध्यावर पोटाला पाणी लागलं आणि त्याचा पुढचा पाय दगडावरून सटकला. घोडा गुडघ्यावर गेला, तिरका झाला. भाऊजी कमरेपर्यंत पाण्यात उतरलेसुद्धा.

इरिसबेक हलला नाही. घोडा ज्या बाजूला गेला त्या बाजूला त्याचं अंग नुसतं गेलं आणि घोडा वर आला तसं वर आलं, जसं पाण्यावरचं पाखरू लाटेबरोबर येतं. लांब पाय तोरूच्या बरगड्यांना धरून होते. ते आता त्याचे झाले होते. आईभोवतीच्या कोटाची कडही ओली झाली नाही.

भाऊजी तसेच पाण्यात उभे राहिले. "एक वर्ष," ते म्हणाले. माझ्याशी बोलत नव्हते. दीर भावजयीशी असं बोलत नाहीत. "एकच वर्ष मागायचं होतं."

तोरू काठावर चढून तंबूपाशी थांबला. भाऊजी पाणी निथळत जवळ आले आणि जाऊबाईंना उतरवून घ्यायला हात वर केले.

"झोपलीय," इरिसबेक हळूच म्हणाला. "घाटापासून झोपलीय. खोकली नाही एकदाही. राहू दे थोडा वेळ."

भाऊजींनी हात खाली घेतले. ते कुठे ठेवावेत हे त्यांना कळेना, मग त्यांनी ते भिजलेल्या विजारीला पुसले. सासूबाई दारातून काही बोलणार होत्या, त्यांना मी खूण केली. ऊन कुरणावरून वर सरकत होतं. माश्यांमुळे तोरू मधूनमधून कातडी थरथरवत होता, मान झटकत होता, पण वरचा पोरगा तसाच, ताठही नाही आणि वाकलेलाही नाही, आईचं डोकं छातीशी धरून बसून होता. दूध काढायची वेळ झाली. कोणीच गेलं नाही. आम्ही सगळे त्या घोड्याभोवती उभे होतो, जाऊबाई जाग्या होण्याची वाट बघत, आणि मनातून त्या जाग्या होऊ नयेत असंही वाटत होतं.